तीन टाके मागे

सव्वीस वर्षं मी घरून काम करते आहे. फक्त त्याला तसं कोणी म्हणत नव्हतं. "ती ना, घरीच असते," असं म्हणत. मागच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीत दोऱ्यांची रिळं, दारामागे शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आणि त्यांच्या मधोमध मी. कोणाचा फोन आला की आमचे हे खुशाल सांगायचे, "आहे ना, घरीच आहे, देतो." मग मी तोंडात टाचण्या धरून नुसतं 'हं, हं' करत बोलायची. त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचं असं जाहीर केलं आणि ती माहिती तिने आम्हाला जगातलं नवल सांगावं तशी सांगितली, तेव्हा मला हसूच आलं.

"हसतेस काय वहिनी?"

"काही नाही. ये, बस. जागा आहे."

नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, वय एकेचाळीस. तिच्या घराची दुरुस्ती निघाली म्हणून ती चार महिन्यांसाठी आमच्याकडे आली, त्याला तीन वर्षं झाली. दुरुस्ती केव्हाच संपली. पण तोवर तिला आमच्या घराची सवय झाली होती आणि माझं तिच्यावाचून पान हलेना. घरात तिला सगळे भिंग म्हणतात, अगदी लहानपणापासून. पाचवीत असताना तिने शाळेच्या वार्षिक अंकातल्या एकतीस चुका शोधून मुख्याध्यापकांच्या हातात ठेवल्या होत्या. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीपासून अंक छापायच्या आधी तिला वाचायला दिला. आमचे हे अजून म्हणतात, "हिची पहिली नोकरी ती. बिनपगारी."

आताची नोकरीही तीच म्हणायची, फक्त पगारी. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ती ड्रॉइंग तपासते. दुसऱ्यांनी काढलेल्या एकेका ड्रॉइंगवर दोनशे, तीनशे मापं असतात. लिफ्टची विहीर केवढी, खालचा खड्डा किती खोल, दरवाजा किती रुंद. भिंग ती सगळी एकेक करून तपासते. बरोबर असलेल्या मापावर पिवळी पेन्सिल, चुकलेल्यावर लाल. कॉम्प्युटरवरसुद्धा करता येतं म्हणे, पण तिला कागदच लागतो. पडद्यावर डोळा घसरतो, असं ती म्हणते. एकोणीस वर्षं ती हे करते आहे, आणि मी तिला एकदा विचारलं होतं की तुला कंटाळा कसा येत नाही गं?

"लिफ्टमध्ये शिरलेला माणूस बटण दाबतो आणि विसरून जातो," ती म्हणाली. "वर बघतो, केस नीट करतो, फोन काढतो. इतकं निवांत विसरता यावं म्हणून कोणीतरी आधी सगळं लक्षात ठेवायला लागतं ना."

मी तेव्हा कॉलर लावत होते. माझा पाय पायडलवरच थांबला. आपल्या कामाबद्दल असं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

तर अशी ही भिंग. आणि तिच्याच हातून चुका निसटायला लागल्या.

ऑफिसने वेळापत्रक असं लावलं होतं: मंगळवार आणि गुरुवार ऑफिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार घर. टेबलं निम्मी केली, एका टेबलावर दोघं, एक आला की दुसरा घरी. भिंगच्या टेबलावर सोमवार, बुधवार, शुक्रवार कोण बसतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण मंगळवारी गेली की खुर्ची आभाळाला टेकलेली असायची. ती खाली करून बसायची. गुरुवारी गेली की पुन्हा वर. शिवाय टेबलाखाली कुणीतरी एक लाकडी खोका आणून ठेवलेला. तो तिच्या पायात यायचा, ती तो लाथेने कोपऱ्यात सारायची. या अदृश्य माणसाचं तिने उंट असं नाव ठेवलं.

"एवढी वर खुर्ची! साडेसहा फूट तरी असणार मेला."

तिने चिठ्ठी ठेवली: 'कृपया जाताना खुर्ची खाली करून जावे.' दोन दिवसांनी उत्तर: 'कृपया खोका लाथाडू नये.' आमचे हे म्हणाले, "वाचता येतं म्हणजे उंटाला."

आणि घरी काय? घरी तर आनंदच होता. पहिला महिना ती पलंगावर बसून काम करायची, पाठीला तीन उशा, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. मग जेवणाच्या टेबलावर आली, तिथे आम्ही जेवायला बसलो की इस्त्रीच्या टेबलावर गेली. एका हाताने जेवायची, दुसऱ्याने पिवळी पेन्सिल. सकाळी उठल्या उठल्या काम, झोपेपर्यंत काम, मधे कपडे वाळत घालणं, कुरिअर घेणं, माझ्या गिऱ्हाईकांना दार उघडणं. घरीच असतो ना आपण! मला तिच्यात मी दिसत होते, सव्वीस वर्षांपूर्वीची. मलाही तेव्हा वाटायचं, घरात आहे म्हणजे सगळंच माझ्या वाट्याचं.

चार महिन्यांत उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली. मान एकीकडे वळेना. डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, खांदा सतत वर चढलेला आहे, मानेतली नस दबते आहे. असंच बसत राहिलात तर पेन्सिल धरता येणार नाही, आणि बसचे धक्के जितके कमी तितकं बरं. ऑफिस बसने दीड तासावर आहे.

मग मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख. दोन महिन्यांत चौदा चुका भिंगच्या पिवळ्या पेन्सिलीखालून निघून कारखान्यापर्यंत गेल्या होत्या. तिथल्या लोकांनी पकडल्या, लोखंड कापायच्या आत. पण चौदा! आधीच्या एकोणीस वर्षांत मिळून तेवढ्या नव्हत्या.

"घरून काम तुम्हाला मानवत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहा आठवडे बघू. एकही चूक पुढे गेली, तर पाचही दिवस इथे यायचं."

पाच दिवस, रोज तीन तास बस, ती मान घेऊन. म्हणजे नोकरी सोड असं न म्हणता म्हटलेलं. भिंग त्या दिवशी घरी आली, नळकांडं कोपऱ्यात उभं केलं (ड्रॉइंग गुंडाळून न्यायचं तिचं एक काळं, लांब नळकांडं आहे, झाकणाचं) आणि माझ्या खोलीत येऊन गठ्ठ्यांवर बसली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"वहिनी, मला दिसेनासं झालंय का गं?"

"डोळे तपासलेस ना गेल्या महिन्यात?"

"डोळ्यांचं नाही म्हणत मी."

आता दुसरी कोणी असती तर पाच दिवस हळहळली असती, नवस बोलली असती, ऑफिसला शिव्या घातल्या असत्या. मी तरी तेच केलं असतं. भिंगने शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा कागद पसरला आणि पट्टी घेऊन स्वतःचाच आठवडा काढला. ड्रॉइंगसारखा. कधी उठते, कुठे बसते, किती वेळ, कधी जेवते, कोणतं ड्रॉइंग कुठे उघडलं, कुठे संपवलं. दोन महिन्यांचं सगळं, तिच्या डायरीतून. मग त्या चौदा चुका लाल पेन्सिलीने जागच्या जागी मांडल्या.

आमचे हे शाळेची बस चालवतात. सकाळची फेरी मारून घरी येतात, शनिवारी लवकर. ते आले, कागद बघितला, म्हणाले, "हे काय, तुझी लिफ्ट?"

"हो दादा. अडकलीये. कुठे ते बघते."

दुपारी तिने मला हाक मारली. मी शिवत होते तो शर्ट हातात घेऊनच गेले.

"मोठ्या बाई म्हणतात चुका घरी होतात. दादा म्हणतो बसने दमतेस, म्हणून ऑफिसात होतात. दोन्ही खोटं. हे बघ, जी ड्रॉइंग सुरू पण घरी आणि पूर्ण पण घरी, त्यांत एक चूक. ऑफिसातच सुरू, ऑफिसातच पूर्ण, त्यांत दोन. आणि अकरा कशात?" तिने कोपऱ्यातल्या नळकांड्याकडे बोट केलं. "जी त्याच्यातून गेली त्यांत. अर्धी इथे, अर्धी तिथे."

मोठी ड्रॉइंग दोन-तीन दिवस चालतात. एक दिवस घर, एक दिवस ऑफिस, म्हणजे ती प्रवास करणारच. संध्याकाळी बसच्या घाईत ती जिथे थांबायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर तिथूनच पुढे सुरू करायची. चुका बरोब्बर तिथे होत्या. थांबल्याच्या अलीकडे दोन-चार मापं, नाहीतर पलीकडे दोन-चार.

मी हातातल्या शर्टाकडे बघितलं आणि मला इतकं हसू आलं की तोंडातली टाचणी पडली.

"अगं, जोडावर उसवतंय!"

"म्हणजे?"

"म्हणजे दोरा मधेच संपतो की नाही? नवा दोरा ओवला आणि जिथे जुना संपला तिथूनच पुढे टीप मारली, तर ती शिवण पहिल्या धुण्यात तिथेच सुटते. म्हणून तीन टाके मागे जायचं. झालेल्यावरूनच पुन्हा टीप मारायची, मग पुढे. हे तर मला माझ्या मशीननेच शिकवलंय, सुरुवातीला सतरा विजारी परत आल्या तेव्हा."

भिंग माझ्याकडे बघत राहिली. ती अशी बघते ना, तेव्हा वाटतं आपल्यावर पिवळं फिरतंय की लाल, देव जाणे.

"ड्रॉइंगवर तीन पुरणार नाहीत," ती शेवटी म्हणाली. "दहा. जागा बदलली की मागची दहा मापं पुन्हा. पिवळी असली तरी."

"पण वेळ जाईल."

"पंधरा मिनिटं. उशांवर लोळण्यात तास जातात माझे."

सोमवारपासून ती माझ्या खोलीत आली. खिडकीच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला ती. मी टेप घेऊन तिचं माप घेतलं, कोटाचं घेतात तसं, पण बसलेलं. बसल्यावर कोपर जमिनीपासून किती, गुडघा किती, डोळा किती. त्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, कोपर टेबलाच्या बरोबरीला हवं. तिथे एक नाडी घेऊन मी तीन गाठी मारल्या. पहिली गुडघ्याची, दुसरी कोपराची, तिसरी डोळ्याची. आमचं जुनं टेबल कोपराच्या गाठीपेक्षा बोटभर बुटकं निघालं. ह्यांनी त्याच्या पायांखाली लाकडाचे तुकडे ठोकले.

दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं, असंही त्या बाईंनी सांगितलं होतं. भिंगने फोनवर गजर लावला, आणि गजर वाजला की ती "हो हो" म्हणून बंद करायची. माणूस गजराला काय भीक घालतो! पण माझ्या मशीनमध्ये बॉबिन असते, खालच्या दोऱ्याची छोटी चकती. सरळ शिवण चालू असली की ती साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत संपते. संपली की मशीन नुसतं टकटकतं, टाका पडत नाही, थांबावंच लागतं. तिसऱ्या दिवशी माझी बॉबिन संपली, मी उठून नवीन भरायला लागले, आणि भिंग पण उठली.

"तू कशाला उठलीस?"

"तुझी बॉबिन संपली ना. माझीही संपली."

तेव्हापासून आमच्या घरात तोच नियम. "बॉबिन!" म्हटलं की दोघींनी उठायचं. खिडकीपाशी जायचं, हात वर, मान डावीकडे, मान उजवीकडे, पाणी प्यायचं. सव्वीस वर्षं मी बॉबिन बसल्या बसल्याच बदलत होते. पाठ दुखते, पाठ दुखते म्हणत होते वर. ह्यांनी एकदा दारातून आम्हा दोघींना हात वर करून उभं असलेलं बघितलं आणि विचारलं, "कोणी पकडलं तुम्हाला?"

एक वाजता जेवण, पेन्सिलीशिवाय. सहा वाजता ड्रॉइंग नळकांड्यात आणि झाकण बंद. ते झाकण लागताना टप्प असा आवाज होतो. तो आवाज झाला की काम संपलं, मग काही झालं तरी झाकण उघडायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिचा हात दोनदा त्या झाकणाकडे गेला. मी नुसतं खाकरले.

राहिलं ऑफिस. नाडी घेऊन ती मंगळवारी गेली, आणि हताश होऊन परत आली. टेबल कोपराच्या गाठीच्या चांगलं चार बोटं वर, आणि ते भिंतीत बसवलेलं, खाली होत नाही.

"खुर्ची वर करायची मग," मी म्हटलं.

"मग पाय लोंबतात वहिनी. मी काय उंट आहे?" जरा वेळाने म्हणाली, "शुक्रवारी चल माझ्याबरोबर. उंटाचा दिवस असतो. मी त्याच्याशी बोलते आणि तू माप घे. दुसरं टेबल तरी मागता येईल."

मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिस नावाच्या जागी कामासाठी गेले. दारावर एक फॉर्म भरायचा होता. नाव, कोणाला भेटायचं, व्यवसाय. हाताला सवय, मी लिहून टाकलं, 'गृहिणी'. भिंगने माझ्या खांद्यावरून बघितलं, पिशवीतून लाल पेन्सिल काढली, 'गृहिणी' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शिवणकाम'. दारावरचा माणूस बघतच राहिला.

"चूक होती," भिंग त्याला म्हणाली.

वर जाताना ती लिफ्टकडे वळलीच नाही, जिन्याला लागली. चार मजले. मी धापा टाकत म्हटलं, "खातेस लिफ्टचं आणि चढतेस जिना?"

"दिवसभर बसायचंच आहे. लिफ्ट चांगली आहे, मीच तपासलीये. उतरताना लिफ्टने ये हवं तर."

आणि मग आम्ही उंट पाहिला. भिंगच्या टेबलाशी, आभाळाला टेकलेल्या त्या खुर्चीवर, एक बाई बसली होती. उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागली असती. पाय त्या लाकडी खोक्यावर अगदी आरामात टेकलेले. सुट्या भागांच्या खात्यात काम करते म्हणे. आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच का त्या, खोका लाथाडणाऱ्या?"

भिंगचं तोंड उघडंच.

"तुम्ही... खुर्ची एवढी वर..."

"अहो, टेबल कोणा ताडमाडासाठी केलंय! खुर्ची खाली ठेवली तर माझे खांदे कानाला लागतात. मान गेली होती माझी वर्षभर. मग खुर्ची वर केली आणि पायांखाली घरून खोका आणला. तुम्ही रोज तो कोपऱ्यात ढकलता. मी रोज काढते. गुडघे टेकून!"

मी पुढे होऊन टेप लावला. तिचं कोपर टेबलाच्या बरोबरीला. केसभराचा फरक नाही. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर माणसांची मापं घेणारी मी, आणि खुर्ची उंच म्हणजे माणूस उंच, असं महिनोन् महिने मीही खुशाल मानत होते. भिंगच्या मानेचं औषध आठवड्यातून दोनदा तिच्या पायाखाली येत होतं आणि ती त्याला लाथ मारत होती.

"सॉरी," भिंग म्हणाली. मग तिच्याने राहवेना. "मी तुम्हाला उंट म्हणत होते."

"मी तुम्हाला म्हैस म्हणत होते," ती म्हणाली. "बसा, चहा घेऊ."

खुर्ची तेव्हापासून वरच असते. भिंगचे पाय जरा लांब, म्हणून ती खोका आडवा करते, जाताना उभा करून ठेवते. तिसऱ्या आठवड्यात करंगळीला जाग आली. चौथ्यात मान वळली. बॉबिन, टप्प, मागची दहा. एकही चूक पुढे गेली नाही. मी गणवेश शिवता शिवता दिवस मोजत होते, मुलं परीक्षेचे मोजतात तसे.

सहाव्या आठवड्यात एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं ड्रॉइंग आलं. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, तीन मोठे कागद. मंगळवारी तिने ऑफिसात सुरू केलं, बुधवारी घरी आणलं. सकाळी नळकांडं उघडलं, कागद पसरला आणि मागची दहा तपासायला लागली. मी बाही जोडत होते. सातव्या की आठव्या मापाला तिची पेन्सिल थांबली. मला ते ऐकू आलं. शेजारी बसून बसून तिच्या पेन्सिलीची कुरकुर माझ्या कानात बसली आहे.

"वहिनी."

"काय गं?"

"दरवाजा. वरच्या चित्रात अकराशे मिलिमीटर. खालच्या चित्रात एक हजार दहा. आकडे उलटसुलट पडलेत. आणि मी काल दोन्हींवर पिवळं केलंय."

नऊ सेंटिमीटर. स्ट्रेचर दारातच अडलं असतं.

"सापडलं ना पण," मी म्हटलं. "पुढे कुठे गेलंय?"

ह्यांची सकाळची फेरी संपली होती, ते दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. "नवी प्रत काढ. पिवळं नाही, काही नाही, सरळ लाल कर. कोणाला कळणार आहे? परवा तुझे सहा आठवडे संपतात, भिंग. उगाच पायावर धोंडा कशाला?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. त्यांच्या आधी आलं होतं. 'एकही चूक' असं म्हणाल्या होत्या मोठ्या बाई, आणि त्या बाईंना मी काही ओळखत नव्हते. एकोणीस वर्षांची नोकरी एका पिवळ्या रेघेवर टांगलेली, आणि ती रेघ माझ्या खोलीत, माझ्या मशीनपासून दोन हातांवर.

"दादा, मी असं दुसऱ्याला करू देईन का?" ती एवढंच म्हणाली.

तिने त्या पिवळ्यावरूनच लाल ओढलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'काल मी हे बरोबर ठरवलं होतं. आज मागची दहा मापं पुन्हा पाहताना चूक सापडली.' खाली सही, तारीख. मग मला म्हणाली, "तुझी बॉबिन संपली वाटतं. टकटकतंय."

संपली होती. माझं लक्षच नव्हतं. आम्ही दोघी उठलो आणि खिडकीशी उभ्या राहिलो, हात वर करून. त्या दिवशी ह्यांनी काही विनोद केला नाही.

शुक्रवारी, घरचा दिवस असूनही, ती तो कागद नळकांड्यात घालून मोठ्या बाईंकडे गेली. मी सकाळपासून एकच विजार तीनदा उसवली. पाच वाजता दार वाजलं. नळकांडं काखेत, चेहऱ्यावर काही वाचता येईल तर शपथ. ती सरळ मागच्या खोलीत आली आणि आपल्या जागी बसली.

"बोल ना गं! जीव टांगणीला लागलाय इथे."

"कागद बघितला त्यांनी. बराच वेळ. मग विचारलं, ही चूक कारखान्यात गेली का? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मग मला का दाखवताय? मी म्हटलं, कारण मी केली होती."

"अगं बाई. मग?"

"मग विचारलं, सापडली कशी? मी सांगितलं सगळं. जागा बदलली की चुका, मागची दहा. चौदा चुकांचा तो मोठा कागद पण दाखवला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे सगळ्या तपासणाऱ्यांना समजावून सांगा. सगळेच घर-ऑफिस करतात आता. सोमवारी सांगा."

"मग तू?"

"मी म्हटलं, सोमवारी मी घरी असते."

माझे हात मांडीवर तसेच राहिले. "असं म्हणालीस तू? तोंडावर?"

"तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी डायरीत काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, बरं, मग मंगळवारी."

मला कळायला क्षणभर लागलं. मग मी तिचा हात धरला, उजवा, आणि ती दोन बोटं अशी दाबली की ती ओरडली. ओरडली म्हणजे लागलं, लागलं म्हणजे बोटं बरी आहेत. बाहेरच्या खोलीतून हे विचारत होते, "काय झालं? अगं, काय झालं?" आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

"आणि निघताना विचारलं," भिंग डोळे पुसत म्हणाली, "ही मागे जायची पद्धत कोणाकडून घेतली? मी म्हटलं, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडून. तर त्या विचारतात, कोणत्या कंपनीत असतात?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, घरून काम करतात. सव्वीस वर्षं."

सहा वाजायला वेळ होता, पण तिने कागद नळकांड्यात घातला आणि झाकण लावलं. टप्प. मग ती ह्यांना सांगायला बाहेर गेली. माझ्या मशीनमध्ये ती तीनदा उसवलेली विजार अर्ध्यावर तशीच अडकून होती. मी दोरा ओवला, तीन टाके मागे गेले आणि पाय दाबला.